मुंबईची तबकडी, शिकागोचे संगीत
१/ मुंबई, १९८२. चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी एचएमव्हीने काढली. त्यात भैरव, यमन, मालकंस असे दहा राग होते आणि वाद्ये म्हणून रोलँड कंपनीची तीन यंत्रे: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३.

२/ टीबी-३०३ हे बेस गिटारची साथ देण्यासाठी घडवलेले यंत्र. ते एका वेळी एकच स्वर काढते. मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकते. रागाला हवी असलेली मींड काहीशी अशीच.

३/ तबकडी खपली नाही. यंत्रही चालले नाही. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे जुन्या बाजारातील हीच यंत्रे शिकागोच्या तरुणांनी वापरली. १९८७ मध्ये ‘फ्यूचर’ या गटाचे ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आले आणि ‘अ‍ॅसिड हाऊस’ ही शैली रूढ झाली.

४/ २०१० मध्ये तबकडी पुन्हा प्रकाशित होताच सिंग यांना या शैलीचे जनक म्हटले जाऊ लागले. परंतु आधी घडलेली गोष्ट नंतरच्या गोष्टीचे कारण असतेच असे नाही. साम्य आले ते एकाच यंत्रामुळे.

५/ निन्टेन्डोच्या गेम बॉयमधील (१९८९) चार ध्वनिवाहिन्यांच्या चिपवर संगीत रचणारेही हेच करतात: खेळण्याचे वाद्य. सिंग २०१५ मध्ये निवर्तले. ‘जनक’ हे बिरुद वगळले, तरी त्यांचे दहा राग उरतातच.