मोगलाईतली माय

माझ्या आजीला आम्ही सगळे माय म्हणायचो. गल्लीही मायच म्हणायची. तिच्या जन्माची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. विचारलं तर म्हणायची, "मानमोडीच्या साली झाले म्हनं मी. माझी पाचवी पुजली आन् घरातली म्हातारी गेली." मानमोडी म्हणजे 1918 सालची इन्फ्लुएन्झाची साथ. तेवढ्या आधारावर आम्ही तिचं वय मोजत आलो.

तिचं माहेर येडशीजवळचं एक खेडं आणि सासर बार्शी. सकाळी गाडी जुंपली की दिवस मावळायला पोचावं, एवढंच अंतर. पण मधे सरहद्द होती. बार्शी इंग्रजी अमलात, सोलापूर जिल्ह्यात. येडशी निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात. बार्शीकर त्या मुलखाला मोगलाई म्हणत. तिकडून आलेली सून म्हणजे 'मोगलाईतली'. भाकरी जाड झाली तरी मोगलाईतली, बोलताना "काय करायलास" आलं तरी मोगलाईतली. मायनं बोलणं काही बदललं नाही. मरेपर्यंत ती "काय लिहायलास रं?" असंच विचारायची.

तिचं लग्न 1930 साली झालं, बाराव्या वर्षी. मुलीचं लग्नाचं वय चौदा ठरवणारा शारदा कायदा त्याच वर्षी 1 एप्रिलपासून इंग्रजी मुलखात लागू झाला होता. कटकट नको म्हणून वऱ्हाड बार्शीहून माहेरच्या गावाला गेलं आणि लग्न निजामाच्या राज्यात लागलं. कायदा कशाशी खातात हे मायला माहीत नव्हतं. तिला आठवायची ती फक्त परतीची रेल्वे. बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांची. 1897 साली बार्शीहून कुर्डुवाडीकडे सुरू झाली आणि 1911 साली लातूरपर्यंत गेली. येडशीच्या घाटात गाडी एवढी हळू चालायची की नवरा मुलगा उतरून चालायला लागला, आणि पोराटोरांनी नवरीला चिडवलं, "तुजा नवरा पळाला!" हे सांगताना म्हातारी पदर तोंडाला लावून हसायची.

मायला अक्षरओळख नव्हती, पण हिशोब पक्का होता. मोगलाईत हाली शिक्का चाले, इकडे कलदार. सहा कलदारांना साधारण सात हाली. माहेरून येताना तुरीचे, शेंगांचे पैसे हालीत यायचे. ते आजोबांकडे देताना ती बोटांच्या पेरांवर मोजून कलदारांचा आकडा आधी सांगायची. आजोबा अडत दुकानात दिवाणजी होते. कागदावर मांडून बघायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय."

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते.

1988 साली हैदराबाद मुक्तिसंग्रामाला चाळीस वर्षं झाली. मी तेव्हा उस्मानाबादेत शिक्षक होतो. 17 सप्टेंबरला शाळेत माझं भाषण ठेवलं होतं. आदल्या रविवारी बार्शीला घरी गेलो आणि ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचत होतो. माय शेजारी तुरी निवडत होती.

भाषणात आमच्या घरातली गोष्ट घातली होती. लहानपणापासून ऐकलेली. 1948 च्या चैत्रात रझाकारांनी मायच्या माहेरच्या गावावर धाड घातली. वाडा जाळला, धान्य नेलं. मायचा भाऊ बायकापोरांना घेऊन रातोरात सरहद्द ओलांडून बार्शीला आला. तशी कित्येक कुटुंबं त्या दिवसांत इकडे आली होती. आमच्या तीन खणांच्या घरात पाच महिने सोळा माणसं राहिली. माय दिवस उगवायच्या आत जात्यावर बसायची. मग भाद्रपदात, 13 सप्टेंबरला, हिंदुस्थानचं सैन्य सोलापूरकडून नळदुर्गात शिरलं. पाच दिवसांत निजामानं शरणागती पत्करली. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी, मूळचा लातूरचा वकील, पकडला गेला. मायचा भाऊ गावी परतला. इथं माझं भाषण संपत होतं.

माय म्हणाली, "अर्धंच सांगायलास."

मी म्हटलं, "अजून काय राहिलं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "भाऊ गेला दोन बाप्ये घिऊन, घर बगाया. बायकापोरं हितंच व्हती. त्याच्या आठ-धा दिसांनी रातच्याला दार वाजलं. बगते तर आमच्या गावची मण्यारीण. माज्या लग्नाचा चुडा तिच्या सासूनं भरल्याला. संगं दोन लेकरं. नवऱ्याला मारलं म्हनली. गावातल्यांनीच."

बाकीचं तिनं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. आजोबा दारात आले, बाईकडे पाहिलं, मायकडे पाहिलं आणि "कडब्याच्या खोलीत निजू दे" एवढंच बोलून आत गेले. भावजयीनं आकांत केला. ज्यांनी आपलं घर जाळलं त्यांचीच जात, आणि तिला भाकरी? माय म्हणाली, "हिनं कुटं जाळलं? ही तर दारोदार बांगड्या भरायची." मण्यारीण सोळा दिवस राहिली. त्यातच भाऊ बायकापोरांना न्यायला आला. अंगणात ती लेकरं खेळताना पाहिली. पाणीसुद्धा प्यायला नाही. गाडीत बसताना बहिणीला म्हणाला, "आता तुजं माहेर संपलं."

त्या दिवाळीला भाऊबीजेला तो आला नाही. पुढं अकरा वर्षं आला नाही. आम्हा पोरांना सांगितलं होतं की शेताच्या बांधावरून बहीणभावांत वाकडं आलं. ते खोटं होतं. आणि ते खोटं मायनंच पसरवलं होतं, भावाचं नाव खराब होऊ नये म्हणून.

"आन् मण्यारीण?" मी विचारलं.

"तिचा दीर आला आन् सोलापूरला घिऊन गेला. जाताना माज्या हातात बांगड्या भरल्या. पैकं घेतलं न्हाईत."

पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात मुसलमानांवर सूड उगवला गेला, याची चौकशी करायला भारत सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवलं होतं. त्यांच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे. तो अहवाल कित्येक वर्षं दडपून ठेवला गेला. मला तो फार उशिरा वाचायला मिळाला. वाचताना मला आकडे दिसले नाहीत, कडब्याची खोली दिसली.

17 तारखेला मी भाषण केलं. ते अर्धंच केलं. समोर गावातली प्रतिष्ठित मंडळी बसली होती. मी स्वतःला समजावलं की मुलांसमोर हे कशाला. पुढच्या आठवड्यात मायनं विचारलं, "सांगितलंस का समदं?" मी "हो" म्हणालो. तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि चहा टाकायला उठली. तिला कळलं होतं, असं मला आजही वाटतं.

माय उपदेश करणारी बाई नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात आजोबा नव्हते, तेव्हा चोपन्नाव्या वर्षी ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची आणि आम्हा भावंडांत वाटायची. रेशनवर मिलो मिळायचा, त्या लाल ज्वारीच्या भाकरीला चिराच पडायच्या. माय नावं ठेवायची नाही. एक भाकरी जास्त करायची, बस. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणायची, "येतं की कुनी तरी."

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या घराची भांडी वाजली. सकाळी बातम्या कळल्यावर मायनं ट्रंक उघडली आणि जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या सहा वाकळा मदतीच्या ट्रकमध्ये टाकायला लावल्या. त्यात तिच्या स्वतःच्या अंगावरचीही होती. पुढच्या पौषात, थंडीत, ती गेली. भावाची नातवंडं मातीला आली होती. त्यांच्याशी मी बोललो, पण ते नाही बोललो.

भाषणाची ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात चैत्र आहे, भाद्रपदातले आठ-दहा दिवस आहेत, आणि तिथंच रेघ मारलेली आहे. त्या रेघेखालचं मायनं सांगितलेलं आज लिहून काढलं.