ह्यूस्टनमधला मारियाची ऑपेरा

मारियाची म्हणजे मेक्सिकोत लग्नाकार्यात, चौकात वाजणारा ताफा. व्हायोलिन, गिटार, ट्रम्पेट. त्याला ऑपेराच्या झुंबरांखाली कोण बोलावणार? पण २०१० साली ह्यूस्टन ग्रँड ऑपेराने बोलावले. मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्याला दोनशे (१८१०) आणि क्रांतीला शंभर (१९१०) वर्षे झाली होती. शहरातल्या लोकांच्या गोष्टी रंगमंचावर आणण्याचा त्यांचा ‘साँग ऑफ ह्यूस्टन’ नावाचा उपक्रम होता, त्यात मेक्सिकन समाजासाठी ‘क्रुसार ला कारा दे ला लुना’ हा ऑपेरा झाला. संगीत होसे ‘पेपे’ मार्तिनेस यांचे, ताफा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा ‘मारियाची वार्गास’. कथा घरोघरची : टेक्सासमध्ये मरणपंथाला लागलेला म्हातारा आणि तिकडे मिचोआकानात मागे राहिलेला मुलगा. त्याच मिचोआकानात नोव्हेंबरात उत्तरेकडून मोनार्क फुलपाखरे येतात. लोक म्हणतात, आपले गेलेले पूर्वजच परत आले.

मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे माझे लक्ष भलतीकडेच जाते. या मंडळींना तिथे ‘बाहेरून आलेले’ म्हणतात. अहो, १८३६ पर्यंत टेक्सासच मेक्सिकोत होते! ह्यूस्टन शहर वसले तेही त्याच वर्षी. मग त्या सोहळ्यात यजमान कोण आणि पाहुणे कोण, तुम्हीच सांगा.

असो. २०११ मध्ये हाच ऑपेरा पॅरिसलाही झाला.