गोष्टींना बंदी असलेल्या घरातला लेखक

सरोजिनी नायडू यांच्या ‘द बर्ड ऑफ टाइम’ (१९१२) या काव्यसंग्रहाला एडमंड गॉस यांची प्रस्तावना आहे. इंग्लंडमधले पक्षी आणि ऋतू सोडा, आपल्या भूमीविषयी लिहा, असा सल्ला तरुण सरोजिनींना देणारे समीक्षक ते हेच. साहित्याच्या या मर्मज्ञाच्या बालपणी मात्र घरात कथा-कादंबरीला प्रवेशच नव्हता.

एडमंड यांचा जन्म १८४९ साली लंडनमध्ये झाला. आईवडील ‘प्लिमथ ब्रदरन’ या कर्मठ प्रोटेस्टंट पंथाचे अनुयायी. बायबलमधला शब्दन् शब्द खरा, आणि कल्पित कथा म्हणजे असत्य, म्हणजेच पाप! आई एमिली हिला लहानपणी गोष्टी रचण्याचा विलक्षण नाद होता. शिक्षिकेने त्याला पाप ठरवले आणि तिने तो मोह जन्मभर दाबून ठेवला. पुढे मुलाला माळ्यावरच्या एका जुन्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली कादंबरीची पाने सापडली. कादंबरी नावाची वस्तू असते हेच ठाऊक नसल्याने त्याने तो सारा मजकूर घडलेली हकीकत मानून वाचला.

मूर्तिपूजकाला देव शासन करतो, असे वडील सांगत. एके दिवशी मुलाने टेबलावर खुर्ची ठेवून तिचीच प्रार्थना केली आणि वाट पाहिली. काहीही घडले नाही.

वडील फिलिप हेन्री गॉस हे नामवंत निसर्गशास्त्रज्ञ. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ होण्यात त्यांच्या लेखनाचा मोठा वाटा आहे. १८५७ साली एमिली कर्करोगाने गेली आणि त्याच वर्षी फिलिप यांचे ‘ओम्फॅलोस’ प्रसिद्ध झाले. आदमचा जन्म मातेच्या उदरातून झाला नव्हता, तरी त्याला नाभी असणारच. तसेच पृथ्वीही जीवाश्मांसकट, जणू पूर्वेतिहास असल्यासारखीच निर्माण झाली, असा त्यांचा युक्तिवाद. तो ना शास्त्रज्ञांना पटला, ना श्रद्धावंतांना.

दहाव्या वर्षी एडमंडचा जाहीर बाप्तिस्मा झाला. सतराव्या वर्षी तो ब्रिटिश म्युझियमच्या नोकरीसाठी लंडनला गेला. तेथेही श्रद्धेची झडती घेणारी वडिलांची पत्रे येतच राहिली आणि अखेर त्याने स्वतंत्र वाट धरली.

१९०७ साली ‘फादर अँड सन’ हे आत्मकथन प्रथम निनावी प्रसिद्ध झाले. त्यातील प्रत्येक गोष्ट सत्य असल्याची ग्वाही लेखकाने दिली होती. अडचण अशी, की १८९० साली याच मुलाने लिहिलेल्या पितृचरित्राचा सूर बराच निराळा आहे. चरित्रकार अ‍ॅन थ्वेट यांनी २००२ साली पत्रे व अन्य कागदपत्रे तपासून फिलिप यांचे चरित्र लिहिले. त्यातले फिलिप कितीतरी अधिक प्रेमळ आहेत, आणि आत्मकथनातले बरेच तपशील कागदपत्रांशी जुळत नाहीत. निखळ सत्याचा दावा करणाऱ्या त्या ग्रंथात कथाकाराचा हात जागोजाग दिसतो. एमिलीने जन्मभर दाबून ठेवलेला तोच नाद म्हणा हवे तर.

तरीही जगाला फिलिप गॉस आजही मुख्यतः त्या आत्मकथनातूनच माहीत आहेत. ते प्रसिद्ध झाले तेव्हा आपली बाजू मांडायला फिलिप नव्हते. १८८८ सालीच त्यांचे निधन झाले होते.