अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर उतरणं बर्ड फ्लू का रोखतो? टिपेश्वरच्या जंगलाला त्यातून काय शिकता येईल?

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. माणसांशी संघर्षाच्या घटनांनंतर त्यांना चंद्रपूरहून तिथे हलवण्यात आलं होतं. नमुने तपासणीसाठी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत पाठवले गेले. जानेवारी २०२५ मध्ये अहवाल आला, तेव्हा मृत्यूचं कारण कळलं: एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू.

याच एच५एन१ विषाणूमुळे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अंटार्क्टिकात, लाखो रुपये भरून गेलेल्या पर्यटकांना कधी कधी किनाऱ्यावर पाय न ठेवताच परतावं लागतं. पेंग्विन समोर दिसत असतात, होडी तयार असते, पण उतरायला परवानगी नसते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात वाघ बघायला जाणाऱ्यांना ही गोष्ट लांबची वाटेल. पण वन्यप्राण्यांमध्ये आजार पसरला की पर्यटनाचं काय करायचं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. अंटार्क्टिकाने त्यासाठी नियम आधीच करून ठेवले आहेत. ते नियम काय आहेत, कोणत्या जहाजातून गेलं तर काय फरक पडतो आणि आपल्याकडे त्यातलं काय उपयोगी पडेल, ते पाहू.

हा विषाणू तिथपर्यंत पोहोचला कसा?

एच५एन१च्या आजच्या साथीचं मूळ १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसांमध्ये सापडतं. भारतात तो पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांमध्ये आढळला. तेव्हा हा कोंबड्यांचा आजार मानला जायचा.

पुढे विषाणू बदलत गेला आणि जंगली पक्ष्यांमध्ये पसरला. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर २०२२ च्या अखेरीस तो दक्षिण अमेरिकेत पोहोचला. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर हजारो समुद्रसिंह मेले. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर एलिफंट सीलची १७ हजारांहून अधिक पिल्लं मेली. त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांपैकी जेमतेम काहीच वाचली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियाजवळच्या बर्ड आयलंडवर स्कुआ नावाच्या पक्ष्यांमध्ये हा विषाणू सापडला. स्कुआ मेलेले प्राणी खातात आणि लांबवर उडतात, त्यामुळे विषाणूला वाहन मिळालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरही त्याची खात्री झाली. दक्षिण जॉर्जियातल्या तीन सर्वांत मोठ्या वसाहतींमध्ये २०२२ ते २०२४ या काळात एलिफंट सीलच्या प्रजननक्षम माद्या जवळपास निम्म्याने कमी झाल्याचं नंतरच्या अभ्यासातून समोर आलं.

विषाणू तिथे पक्ष्यांनी नेला. पर्यटकांनी नेल्याचा पुरावा नाही. मग पर्यटकांवर बंधनं का? कारणं तीन आहेत. बुटाला लागलेली विष्ठा एका वसाहतीतून दुसरीकडे जाऊ शकते. आजारी प्राणी माणसाला बघून पळायला लागला की त्याची उरलीसुरली ताकद संपते. आणि हा विषाणू क्वचित का होईना, माणसालाही होतो.

कोणतं जहाज, किती वेळ जमिनीवर?

अंटार्क्टिकाच्या बहुतेक सहली नोव्हेंबर ते मार्च या काळात अर्जेंटिनाच्या उशुआया बंदरातून निघतात. ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात. चिलीच्या पुंता अरेनासहून विमानाने किंग जॉर्ज बेटावर उतरून तिथून जहाज पकडण्याचाही पर्याय आहे. त्यात समुद्राचा त्रास वाचतो, पण हवा बिघडली की विमान अडकतं.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो जहाजावर किती प्रवासी आहेत याने. सहल आयोजकांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएटीओ १९९१ मध्ये स्थापन झाली. तिचे नियम असे आहेत:

• ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही. हिमनग आणि डोंगर डेकवरूनच बघायचे.

• एका जागी एका वेळी जास्तीत जास्त १०० पर्यटक उतरू शकतात. काही नाजूक जागी ही संख्या आणखी कमी असते.

• एका जागी एका वेळी एकच जहाज थांबतं.

• दर २० पर्यटकांमागे किमान एक मार्गदर्शक हवा.

आता हिशेब करा. ९० प्रवाशांचं जहाज असेल तर सगळे एकदम उतरतात आणि पूर्ण वेळ किनाऱ्यावर राहतात. १९० प्रवासी असतील तर दोन पाळ्या होतात. ४५० असतील तर पाच पाळ्या, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच वेळ. मोठं जहाज दरडोई स्वस्त पडतं ते यामुळेही.

२०२३-२४ च्या हंगामात सुमारे १ लाख २२ हजार पर्यटक अंटार्क्टिकाला गेले. त्यातले सुमारे ४३ हजार जण उतरलेच नाहीत, कारण त्यांची सहल मुळात फक्त जहाजावरून बघण्याची होती. जाहिरातीत मात्र दोन्हींना ‘अंटार्क्टिका क्रूझ’च म्हटलं जातं. पैसे भरण्याआधी हा फरक विचारून घ्यायला हवा.

उतरण्याच्या दिवशी काय होतं?

लँडिंग म्हणजे जहाजातून झोडियाक नावाच्या रबरी होडीत बसायचं आणि किनाऱ्यावर पाय ठेवायचा. बर्ड फ्लू आल्यापासून त्याआधी एक पायरी वाढली आहे. मार्गदर्शकांची छोटी तुकडी आधी एकटीच जाते आणि पाहणी करते. एकाच जागी बरेच मेलेले पक्षी आहेत का? एखादा पक्षी मान वाकडी करून फिरतोय का, थरथरतोय का, तोल जातोय का? सीलला श्वास घ्यायला त्रास होतोय का?

संशय आला तर उतरणं रद्द होतं. तसं इतर जहाजांना आणि संबंधित यंत्रणांना कळवलं जातं. मग शक्य असेल तर होडीतूनच किनाऱ्यापासून अंतर ठेवून फेरी मारतात, किंवा जहाज दुसऱ्या जागी जातं. दक्षिण जॉर्जियात तर तिथलं प्रशासनच काही जागा बंद ठेवतं.

सगळं ठीक दिसलं तरी नियम कडक असतात. उतरण्यापूर्वी आणि परतल्यावर बूट ब्रशने घासून जंतुनाशक द्रावणात बुडवायचे. कपड्यांच्या खिशात, चिकटपट्ट्यांमध्ये अडकलेल्या बिया आणि माती आधीच साफ करायची. पेंग्विनपासून किमान पाच मीटर लांब राहायचं. जमिनीवर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, बॅग खाली ठेवायची नाही. कमी उंचीवरून फोटो काढायची हौस असलेल्यांना हा शेवटचा नियम जड जातो, पण जमिनीला फक्त बूट लागले तर फक्त बूटच धुवावे लागतात. नियमामागचं कारण इतकं साधं आहे.

उत्तर ध्रुवाकडे वेगळे नियम

आर्क्टिकमध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच बदलला. संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज चालत नाही आणि तिथे ठरवून दिलेल्या ४३ जागीच उतरता येतं. पांढऱ्या अस्वलापासून ३०० मीटर, तर मार्च ते जून या काळात ५०० मीटर अंतर ठेवावं लागतं.

आजार तिथेही पोहोचला आहे. स्वालबार्डमध्ये एका वॉलरसचा, तर अलास्कात एका पांढऱ्या अस्वलाचा मृत्यू बर्ड फ्लूने झाल्याचं सिद्ध झालं आहे. दोन्ही घटना २०२३ च्या आहेत.

आपल्याकडे काय होतं?

आपल्याकडे आजार आला की साधारणपणे फाटक बंद होतं. मे २०२५ मध्ये गोरखपूरच्या प्राणिसंग्रहालयात एक वाघीण एच५एन१ने मेली, तेव्हा उत्तर प्रदेशातली प्राणिसंग्रहालयं पर्यटकांसाठी बंद ठेवली गेली. पक्ष्यांमध्ये विषाणू सापडल्यावर दिल्लीचं प्राणिसंग्रहालय ३० ऑगस्ट २०२५ पासून बंद झालं.

वाघाला हा आजार होतो तो मुख्यतः बाधित पक्षी किंवा कच्चं मांस खाल्ल्यामुळे. थायलंडमध्ये २००४ साली सिराचा इथल्या व्याघ्रकेंद्रात वाघांना बाधित कोंबड्यांचं कच्चं मांस दिलं गेलं. १४७ वाघ एकतर मेले किंवा साथ थांबवण्यासाठी मारावे लागले. पिंजऱ्यातल्या वाघाला काय खायला घालायचं हे माणसाच्या हातात असतं. जंगलातल्या वाघाचं तसं नाही.

टिपेश्वरची गोष्ट वेगळी का?

टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं आहे. ते पांढरकवडा आणि घाटंजी तालुक्यांत पसरलं आहे. सुन्ना, माथणी अशा फाटकांतून जिप्सी आत जातात. इथे वाहनातून खाली उतरायला मनाई आहे. म्हणजे जो नियम अंटार्क्टिकात आजारामुळे लावावा लागतो, तो टिपेश्वरमध्ये रोजचाच आहे. पर्यटकाचा बूट जंगलाच्या जमिनीला लागतच नाही.

त्यामुळे इथला मोठा धोका पर्यटकांकडून नाही. तो अभयारण्याच्या कडेला आहे. चारी बाजूंना गावं आणि कपाशीची शेतं आहेत. गावात मोकाट कुत्री आहेत, चरायला जाणारी गुरं आहेत, घरोघरी कोंबड्या आहेत. वाघ कुत्रा मारतो, गुरं मारतो, मेलेल्या जनावरावरही येतो.

हा धोका किती खरा आहे, ते गुजरातच्या गीरने दाखवलं. सप्टेंबर २०१८ मध्ये तिथे काही आठवड्यांत २३ सिंह मेले. तपासणीत काही सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. तो कुत्र्यांमध्ये नेहमी आढळणारा आजार आहे. बाकीच्या सिंहांसाठी तातडीने परदेशातून लस आणावी लागली.

टिपेश्वरचे वाघ अभयारण्याच्या हद्दीत थांबतही नाहीत. रेडिओ कॉलर लावलेला ‘वॉकर’ नावाचा तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वरहून निघाला आणि तेलंगणाच्या हद्दीसह अनेक जिल्हे फिरून वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. मार्च २०२० पर्यंत तो ३,००० किलोमीटरहून अधिक चालला होता. वाटेत त्याने शेतं, नाले आणि रस्ते ओलांडले. असा प्राणी आजारी पडला, तर एका अभयारण्याचं फाटक बंद करून साथ थांबणार नाही.

मग शिकायचं काय? अंटार्क्टिकातली पाहणी करणारी पहिली होडी. तिथे आधी बघतात, नोंद करतात आणि मग पर्यटकांना नेतात. टिपेश्वरमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ आत जाणारे गाइड आणि जिप्सीचालक हेच काम करू शकतात. पाणवठ्यावर एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले दिसले, एखादा वाघ किंवा बिबट्या भिरभिरल्यासारखा, माणसाची भीती नसल्यासारखा वागला, तर ती बातमी त्याच दिवशी वनविभागाला पोहोचली पाहिजे. आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांचं लसीकरण आणि मेलेल्या कोंबड्या उघड्यावर न टाकता पुरणं, या दोन गोष्टी वाघासाठी कुठल्याही कुंपणापेक्षा जास्त उपयोगाच्या आहेत. फाटक बंद राहिलं तर त्याच गाइडची आणि चालकाची रोजची कमाई थांबते, म्हणून त्यांचाही यात थेट फायदा आहे.

तुम्ही जाणार असाल तर

ध्रुवीय सहलीचे पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. जहाजावर एकूण प्रवासी किती? उतरण्याच्या पाळ्या किती? आजारामुळे उतरणं रद्द झालं तर पर्याय काय? आणि त्यासाठी पैसे परत मिळतात का, हे करारात कुठे लिहिलं आहे? ठरवलेल्या जागा बदलण्याचा हक्क बहुतेक आयोजक स्वतःकडे ठेवतात. भारतानेही २०२२ मध्ये भारतीय अंटार्क्टिक अधिनियम केला असून बाहेरचे जीवजंतू तिथे नेण्यावर त्यात बंधनं आहेत.

टिपेश्वर, ताडोबा किंवा जवळच्या तलावावर जाणार असाल, तर मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका आणि त्याच्याजवळ उभं राहून सेल्फी काढू नका. लांबून फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. घरचा कुत्रा सफारीच्या मुक्कामाला नेऊ नका. कुक्कुटपालन केंद्रातून थेट जंगलात जायचं असेल तर बूट धुऊन, कपडे बदलून जा.

आणि एखाद्या दिवशी फाटकावर ‘आज प्रवेश बंद’ अशी पाटी दिसली, तर गाइडशी वाद घालू नका. ती पाटी आतल्या वाघासाठी आणि तुमच्या पुढच्या सफारीसाठीच लावलेली असते.