दोन सामन्यांचा मोसम

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने कळवले होते, 'जिथे राहता तिथली एखादी जुनी गोष्ट लिहा.' मी इंजिनिअरिंगनंतर सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे अमेरिकेत आले आणि बरीच वर्षे न्यू जर्सीत राहते. इथल्या एडिसन, पिस्कॅटवे या गावांत मराठी घरे पुष्कळ. जवळच रॅरिटन नदीकाठी न्यू ब्रन्सविक हे गाव आहे आणि तिथे रटगर्स विद्यापीठ. आमच्यापैकी अनेकांची मुले तिथेच शिकतात. विद्यापीठाच्या कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर एक जुनी व्यायामशाळा आहे. तिच्या जागी पूर्वी मोकळे मैदान होते. त्या मैदानावर शनिवारी, 6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांच्या पोरांनी फुटबॉलचा सामना खेळला. अमेरिकेतला हा पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना मानला जातो.

काळ लक्षात यावा म्हणून सांगते. लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. आपल्या मुंबईचा रोव्हर्स कप सुरू व्हायला अजून बावीस वर्षे होती.

दोन्ही कॉलेजांमध्ये अंतर साधारण 25 किलोमीटर, आणि चुरस भरपूर. 1866 साली प्रिन्स्टनने रटगर्सला बेसबॉलमध्ये 40-2 असे धुतले होते. तो सल रटगर्सच्या मनात होता. त्यांनी प्रिन्स्टनला फुटबॉलचे आव्हान दिले. तीन सामने ठरले. रटगर्सचा कर्णधार विल्यम लेगेट, प्रिन्स्टनचा विल्यम गमेर. लेगेट पुढे धर्मोपदेशक झाला आणि गमेर न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश. त्या दिवशी मात्र दोघेही नुसते विद्यार्थी होते.

आता खेळ कसा होता ते ऐका. एका बाजूला 25 जण! मैदान 360 फूट लांब आणि 225 फूट रुंद, गोलाच्या दोन खांबांत आठ पावलांचे अंतर. चेंडू गोल, हवा भरलेला. तो हातात घेऊन पळायचे नाही, फेकायचा नाही. पायाने, डोक्याने किंवा हाताच्या फटक्याने पुढे ढकलायचा. प्रत्येक संघाचे दोन खेळाडू कायम समोरच्या गोलाजवळ उभे, अकरा जण आपला भाग राखायला आणि उरलेले बारा चेंडूमागे धावायला. या बारांना 'बुलडॉग' म्हणत. वेळ मोजायची नाही, गोल मोजायचे. ठरलेले गोल झाले की सामना संपला.

गणवेश नव्हता. कोट, टोप्या काढून ठेवल्या आणि खेळायला उतरले. रटगर्सच्या काही पोरांनी ओळख पटावी म्हणून लाल रुमाल मुंडाशासारखे डोक्याला गुंडाळले. तो लाल रंग आजही रटगर्सचा रंग आहे. शंभरेक प्रेक्षक जमले होते, काही कुंपणावर चढून बसले होते. प्रिन्स्टनचा जेकब मायकेल, ज्याला सगळे 'बिग माइक' म्हणत, आणि रटगर्सचा जॉर्ज लार्ज चेंडूमागे धावत त्या कुंपणावर असे आदळले की कुंपण प्रेक्षकांसकट खाली आले.

प्रिन्स्टनची पोरे उंच आणि धिप्पाड होती. लेगेटने आपल्या संघाला सांगितले की चेंडू वर उडवू नका, जमिनीलगत ठेवा. प्रिन्स्टनवाले समोरच्याला घाबरवायला खेळता खेळता मोठी आरोळी ठोकत, पण त्यात त्यांचाच दम जाई. रटगर्सने सामना 6-4 असा जिंकला. संध्याकाळी दोन्ही संघ एकत्र जेवले, गाणी झाली आणि पाहुणे घरी परतले.

आठवड्याने, 13 नोव्हेंबरला, दुसरा सामना प्रिन्स्टनला झाला. या वेळी नियम यजमानांचे. चेंडू हवेतच किंवा पहिल्या टप्प्यावर झेलला की झेलणाऱ्याला मोकळी किक मिळायची. पहिल्या सामन्यात ही सवलत नव्हती. उंच पोरांना आणखी काय हवे? प्रिन्स्टन 8-0 ने जिंकले. आरोळी ठोकायचे काम आता न खेळणाऱ्या मुलांकडे होते, म्हणजे खेळणाऱ्यांचा दम वाचला. तिसरा सामना झालाच नाही. पोरांचे अभ्यासाकडे दुर्लक्ष होतेय म्हणून प्राध्यापकांनी तो बंद पाडला असे इथे सांगतात. अशी एक-एक बरोबरी होऊन मोसम संपला. पुढे आकडेवारीत रमणाऱ्यांनी या दोन सामन्यांच्या मोसमालाही विजेता शोधला. कुणी प्रिन्स्टनला मान दिला, कुणी दोघांना मिळून.

मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की एकाच आठवड्यात, त्याच दोन संघांत, त्याच खेळाचे दोन सामने झाले. नियम थोडे बदलले आणि निकाल पार उलटा लागला. आमच्या धंद्यात दोन कंपन्यांच्या यंत्रणा जोडायच्या असतील तर काम सुरू व्हायच्या आधी भांडण होते ते याच गोष्टीवर: करार कुणाच्या पद्धतीने? ज्याची पद्धत ठरते त्याचे अर्धे काम तिथेच झालेले असते.

इथेही तसेच झाले. 1873 साली येल, प्रिन्स्टन, रटगर्स ही कॉलेजे न्यूयॉर्कमध्ये भेटली आणि त्यांनी लंडनच्या फुटबॉलच्या वळणाचे, म्हणजे चेंडू उचलून न पळण्याचे, सामाईक नियम केले. हार्वर्ड आले नाही. त्यांच्याकडे चेंडू हातात घेऊन पळायची मुभा होती, ती सोडायला ते तयार नव्हते. मे 1874 मध्ये त्यांनी कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाला खेळायला बोलावले. एक सामना स्वतःच्या नियमांनी झाला आणि एक मॅकगिलच्या रग्बीच्या नियमांनी. हार्वर्डला रग्बी इतके आवडले की ते तिकडेच वळले. नंतर येलही वळले, प्रिन्स्टनही वळले. नोव्हेंबर 1876 मध्ये स्प्रिंगफील्ड गावी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया यांची बैठक झाली आणि रग्बीच्या पायावर नवे नियम आले. त्यातूनच पुढे हेल्मेट घालून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल तयार झाला. पायाने खेळायचा फुटबॉल इथल्या कॉलेजांत मागे पडला आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत पुन्हा रुजायला विसावे शतक उजाडावे लागले.

स्प्रिंगफील्डच्या त्या बैठकीत रटगर्स नव्हते. ज्यांनी पहिला सामना भरवला, पहिला विजय मिळवला, ते नियम ठरवणाऱ्यांत नव्हते. त्यानंतर प्रिन्स्टनला पुन्हा एकदा हरवायला रटगर्सला 5 नोव्हेंबर 1938 पर्यंत थांबावे लागले. तेव्हा निकाल होता 20-18. मधे 69 वर्षे गेली होती! आणि गंमत म्हणजे 1869 चा सामना आज सगळीकडे 'अमेरिकन फुटबॉलचा जन्म' म्हणून साजरा होतो, जरी तो खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या जास्त जवळचा होता. खेळ बदलला तरी जन्मतारीख तीच राहिली.

ही जन्मतारीख टिकली कशी? कॉलेजांच्या आवारात पोरे त्याआधीही चेंडू लाथाडत होतीच. पण रटगर्सच्या विद्यार्थ्यांनी 1869 मध्येच 'टार्गम' नावाचे आपले नियतकालिक सुरू केले होते आणि त्यांनी या सामन्याचा वृत्तान्त लगेच त्याच महिन्यात छापला. कोण जिंकले, किती गोल झाले, मग जेवण कसे झाले. पोरांनी पोरांसाठी लिहिलेले ते पान नसते, तर आपल्याला फार तर एखादी दंतकथा मिळाली असती.

आपल्या शाळेच्या मैदानावर पावसाळ्यात चपलांचे गोल करून 'अ' आणि 'ब' तुकडीचे सामने व्हायचे, ते आपल्या सगळ्यांना आठवतात. एका बाजूला किती जण असायचे? जितके मधल्या सुट्टीत डबा संपवून वेळेत पोहोचतील तितके. आम्हा मुलींची खो-खोची टीम तालुक्याला गेली, तेव्हा बाईंनी कुणाकुणाला निवडले होते यावर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून वाद होतो, आणि तो मिटत नाही कारण कुठेच काही लिहिलेले नाही. आपल्याला शिकवणारे सर आणि बाई आता थकले आहेत. म्हणून संपादक मंडळाला माझी एक विनंती आहे: या स्मरणिकेची शेवटची चार पाने कोरी ठेवा. मेळाव्याच्या दिवशी ती सगळ्यांच्या हातांतून फिरू द्या. प्रत्येक बॅचने आपला संघ, साल, आठवत असेल तर निकाल आणि तेव्हाचे नियम तिथे लिहावेत. वाद झाले तर दोन्ही बाजू लिहाव्यात. 8-0 ने हरलेल्यांनीही लिहावे.