एकच साल, दोन बाजार

कॅलेंडरमध्ये १ मेच्या चौकोनात दोन नोंदी असतात: महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. बार्शीटाकळीत त्यातली पहिलीच साजरी होते. ऊन चढायच्या आत झेंडावंदन उरकतं, कारण त्या दिवसांत अकोला जिल्ह्यात पारा ४५च्या आसपास असतो आणि सकाळी दहानंतर डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. ही पहिली नोंदही आमच्या वऱ्हाडात सरळ नाही. १९५५ साली फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, आणि विदर्भवादी मंडळी हा दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. पण तो वाद वेगळ्या लेखाचा. इथे दुसऱ्या नोंदीबद्दल लिहायचं आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ज्यांच्यासाठी काम करतो ते अमेरिकेत बसतात. १ मे रोजी त्यांच्याकडे सुट्टी नसते. त्यांचा कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येतो, तसा कायदा १८९४ साली झाला. म्हणजे जो दिवस जगाने अमेरिकेकडून घेतला, तो अमेरिकेनेच सोडून दिला. ही विचित्र गोष्ट उलगडायची तर १८८६ च्या शिकागोत जावं लागतं.

तिथे मे म्हणजे वसंत. थंडी नुकतीच सरलेली. अमेरिकेतल्या कामगार संघटनांनी दोन वर्षं आधी, १८८४ साली, ठराव केला होता की १ मे १८८६ पासून कामाचा दिवस आठ तासांचा. (त्याच १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा घेऊन आठवड्यातून एक दिवस तरी सुट्टी द्या, असं मागत होते. तिकडे तासांचा हिशेब चालला होता, इथे अजून रविवारच मिळायचा होता. तो १८९० साली मिळाला.) १ मे हा शनिवार होता. देशभर लाखो कामगार संपावर गेले आणि शिकागोत तो दिवस शांततेत पार पडला.

३ तारखेला मॅकॉर्मिक कंपनीच्या कारखान्यासमोर गोळीबार झाला. या कारखान्यात पीक कापायची यंत्रं तयार होत. तिथला तंटा आधीपासूनचा होता. मालकाने फेब्रुवारीत टाळं ठोकलं होतं आणि संप फोडणाऱ्यांना कामावर घेतलं होतं. जवळच लाकूड कामगारांची सभा चालू होती आणि ऑगस्ट स्पाइस नावाचा जर्मन पत्रकार बोलत होता. कारखान्याची घंटा वाजली, संप फोडणारे बाहेर पडले, झटापट झाली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माणसं मेली. निषेधाची सभा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरली, हेमार्केट चौकात.

हेमार्केट म्हणजे शब्दशः गवतबाजार. आसपासचे शेतकरी तिथे माल आणून विकत. ४ मेच्या सभेला व्यासपीठ म्हणून एक गाडी उभी केली होती. खुद्द महापौर कार्टर हॅरिसन येऊन उभे राहिले, ऐकलं, सगळं शांत आहे असं पोलिसांना सांगितलं आणि घरी गेले. आभाळ भरून आलं तशी गर्दीही पांगली. शेवटचा वक्ता बोलणं आवरतच होता, तेवढ्यात पोलिसांची मोठी तुकडी सभा उठवायला आली आणि कोणीतरी बॉम्ब फेकला. मग अंधारात गोळीबार. ७ पोलीस गेले, नागरिक किमान ४.

बॉम्ब कोणी फेकला हे आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. खटला मात्र आठ जणांवर चालला. त्यांनी बॉम्ब फेकला असं सरकारी पक्षालाही म्हणायचं नव्हतं. त्यांच्या लिहिण्या-बोलण्यामुळे तो फेकला गेला, असं म्हणणं होतं. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी स्पाइस, पार्सन्स, फिशर आणि एंगल यांना फाशी झाली. लिंगने आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला. उरलेल्या तिघांना १८९३ साली गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी माफी दिली आणि खटलाच अन्यायाचा होता असं लेखी सांगितलं. त्यानंतर त्यांचं राजकारण फार दिवस टिकलं नाही. दरम्यान १८८९ साली पॅरिसच्या परिषदेने १ मे हा जगभरच्या कामगारांचा दिवस ठरवला. अमेरिकी सरकारला ही आठवण नको होती, म्हणून सप्टेंबर बरा.

हा इतिहास बराचसा माहीत असलेला आहे. मला अडकवून ठेवलं ते १८८६ या सालाने, कारण ते मला आधी एका वेगळ्याच ठिकाणी भेटलं होतं. भारतातला पहिला नियंत्रित शेतमाल बाजार त्याच साली सुरू झाला, आणि तो आमच्या शेजारी कारंजा लाडला. वऱ्हाडचा कारभार तेव्हा हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटकडे होता. त्याच्या हुकमाने हा बाजार नियमात आला. पुढे १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आजच्या बाजार समित्यांची पाळंमुळं तिथवर जातात.

इंग्रजांना शेतकऱ्याचा कळवळा आला होता, असं समजायचं कारण नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे वळल्या आणि भाव आभाळाला टेकले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मुंबईत शेअर बाजार बुडाला. वऱ्हाडात कापसाखाली गेलेली जमीन मात्र कापसाखालीच राहिली. पुढे गिरण्यांना पाहिजे होता तो भेसळ नसलेला, ओला न केलेला कापूस, ठरल्या ठिकाणी आणि ठरल्या मापाने. शेतकऱ्याला वजनकाटा मिळाला तो या गरजेपोटी. तरीही मिळाला, हे मी कमी समजत नाही.

तर एका गवतबाजारात कामाचे तास मोजायची मागणी रक्तात पडली आणि त्याच साली एका कापूसबाजारात मालाचं वजन नियमाने मोजायला लागले. दोघांची एकमेकांशी गाठ पडली नाही. आपल्याकडे कामाच्या तासांचा हिशेब कारखान्यापुरता राहिला. डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना कारखान्यातला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणायचं काम झालं, पण कारखान्यांचा कायदा वावरात येत नाही. हुतात्मा चौकात शेतकरी आणि कामगार एकच मशाल धरून उभे आहेत. कायद्यात त्यांची कलमं वेगवेगळी आहेत. बाजारातल्या हमाल-मापाऱ्यांना १९६९ च्या माथाडी कायद्याने निदान एक छत दिलं. ज्या बाईने तो कापूस वेचला तिला किलोवर पैसे मिळतात. ती किती तास वाकली, हे कुठल्याच वहीत येत नाही.

मॅकॉर्मिकचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १९०२ साली ती कंपनी इतरांसोबत मिळून इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली. १९६३ साली या हार्वेस्टरने महिंद्र आणि व्होल्टास यांच्याबरोबर मुंबईत ट्रॅक्टरचा उद्योग काढला आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर बाजारात आला. आमच्या तालुक्यात आज दिसणाऱ्या लाल ट्रॅक्टरांचा तो पूर्वज. मेच्या पहिल्या आठवड्यात पऱ्हाट्या निघालेल्या असतात, नांगरटी चालू असते, आणि दिवसा लोखंडाला हात लावणं मुश्किल म्हणून ते ट्रॅक्टर रात्री दिवे लावून चालतात. ड्रायव्हर संध्याकाळी जेवून निघतो तो उजाडल्यावर परततो. मालकाला भाडं एकरावर मिळतं, त्यामुळे रात्रीचे किती तास झाले हे कोणी विचारत नाही.