मोर्चा : वेढ्यातली जागा

किल्ल्याला वेढा घालणारे सैन्य तटासमोर माती उकरून किंवा मातीचा बांध घालून लढण्याची आडोशाची जागा तयार करी, तिला मोर्चा म्हणत. शब्द फारसीतून आला आणि मराठी लष्करी भाषेत पक्का रुजला. मोर्चे लावायचे आणि रात्रीच्या अंधारात थोडेथोडे पुढे सरकवायचे, हा वेढ्याचा रोजचा उद्योग असे. मातीचा उंच ढिगारा उभारून त्यावर तोफा चढवल्या की तो दमदमा. किल्ल्यातले लोकही तट-बुरुजांवर आपापले मोर्चे धरून बसत, म्हणजे शब्द दोन्ही बाजूंचा होता.

साताऱ्याच्या वेढ्यात या कामाची खरी कसोटी लागली. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्यापुढे आला आणि किल्ल्याच्या उत्तरेस करंज्याला त्याने तळ दिला. किल्लेदार प्रयागजी प्रभू होते. सह्याद्रीच्या काळ्या कातळात चर खणणे अतिशय कष्टाचे, शिवाय वरून दगड गडगडत येत. तरीही तोफखान्याचा प्रमुख तरबियतखान याने मोर्चे तटाच्या पायथ्यापर्यंत नेले आणि सुरुंग भरले. १३ एप्रिल १७०० रोजी ते उडाले. पहिल्या स्फोटाने तट आतल्या बाजूला कोसळला. ढिगाऱ्याखाली सापडलेले प्रयागजी जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटात तट बाहेरच्या बाजूला ढासळला. हल्ल्यासाठी खाली दाटीने दबा धरून बसलेले मोगल सैनिक त्याखाली गाडले गेले. मेलेल्यांचा आकडा सुमारे २,००० सांगितला जातो. जो मोर्चा गोळ्यांपासून वाचवी, तोच त्या दिवशी माणसांच्या मुळावर आला. किल्ला या स्फोटांनी पडला नाही. राजाराम महाराजांचे मार्चमध्येच निधन झाले होते. त्यानंतर बोलणी होऊन एप्रिलमध्येच किल्ला मोगलांच्या हवाली झाला. शौर्याइतकाच चिकाटीचाही हा वेढा होता, हे विसरता कामा नये.

मिरजेचा कोट सपाटीवरचा. तिथे कातळाची अडचण नव्हती. आडवा येई तो खंदक. १७३९ मध्ये शाहू महाराजांनी वेढा घालून हा कोट घेतला.

आज मोर्चा म्हणजे मागणीसाठी रस्त्याने निघालेला जमाव. मोर्चेबांधणी, मोर्चा सांभाळणे या प्रयोगांत जुना अर्थ अजून टिकून आहे. २०१६ मध्ये सातारा आणि सांगलीत निघालेल्या मराठा समाजाच्या मूक मोर्चांना मात्र हा नवा अर्थच लागू होतो.